निळ्या गाडीतली गळती

अलेक्सिनात्समध्ये तिहोमिरचं आडनाव विचारत बसलात तर दिवस मावळेल. 'अर्धातास मिस्त्री' म्हणा, कोणीही मोरावा नदीच्या पुलाकडे हात करील. पुलाच्या अलीकडे टायरवाला आणि त्याला लागून हिरव्या शटरचं गॅरेज. तिथं गाडीच्या एसीखेरीज काही दुरुस्त होत नाही, आणि एसीसुद्धा गिऱ्हाइकाच्या मर्जीनं होत नाही.

हे नाव लोकांनी त्याला चिडून दिलं. उन्हाळा तापला की लोक गाड्या घेऊन येतात आणि म्हणतात, गॅस भरून द्या. दुसरीकडे कोणीही भरून देतो. दहा मिनिटांत गाडी गार होते, महिन्यानं पुन्हा तापते, पुन्हा गॅस. तिहोमिरला हे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं वाटे. तो आधी नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबून भरी, ब्रशनं एकेका सांध्याला साबणाचा फेस लावी आणि बुडबुडा कुठं धरतो ते बघे. सांधा उघडून रबराची कडी बदले. मग पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढी, पंप बंद करी आणि दाबाच्या घड्याळाकडे अर्धा तास बघत बसे. काटा रेसभर जरी सरकला तरी सगळं पहिल्यापासून. नाही सरकला तरच गॅस, तोही वजन करून.

मागच्या जूनमध्ये टॅक्सीवाला झार्को आला तेव्हाही हेच.

"मिस्त्री, नुसता गॅस टाका हो. नीशहून पाहुणे आणायचेत."

"गळतंय कुठं?"

"मला काय ठाऊक? मिस्त्री तुम्ही का मी?"

"म्हणून तर बघतोय. बस."

"अर्धा तास?"

"ते काट्याला विचार."

"माझी बायकोसुद्धा एवढं ताटकळत ठेवत नाही."

"तू बायकोकडे कधी अर्धा तास बघितलंयस का, झार्को?"

टायरवाल्यासकट सगळे हसले. झार्को बसला.

आणि तिहोमिरचा एक नेम होता, तो कधी चुकला नाही. जे गळत होतं ते मालकाच्या तळहातावर ठेवायचं. झिजलेली कडी असो, चिरलेली नळी असो. 'हे गळत होतं. आता दुसऱ्या कशावर संशय घेऊ नकोस,' असं म्हणायचं. लोक रस्त्यावर गेल्यावर ते फेकून देत, पण घेताना निमूट घेत.

तीस वर्षं असं काम केलेल्या या माणसाच्या स्वतःच्या गाडीचा एसी बारा वर्षं बंद होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जर्मनीहून आणवलेली ती निळी गाडी गॅरेजच्या मागं, अंगणातल्या अक्रोडाखाली उभी असे. जुलैत तिच्या चारही काचा खाली करून तिहोमिर आणि त्याची बायको स्लाव्का बाजारात जात, तेव्हा लोक गमतीनं विचारत, "मिस्त्री, आमच्याकडे गॅस भरून घ्यायचा का?" तिहोमिरही हसे. गावानं त्याचा अर्थ लावून टाकला होता: स्लाव्काला वारं चालत नाही.

ते खोटं नव्हतं. आमच्याकडची माणसं लढाईतून वाचतात, पुरातून वाचतात, खाण बंद पडली त्यातूनही वाचली, पण प्रोमायातून माणूस वाचत नाही अशी आमच्या बायकांची पक्की समजूत आहे. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी राहिली की मधून जो वारा धावतो तो प्रोमाया. त्यानं कान दुखतो, कंबर धरते, तोंड वाकडं होतं. चाळीस अंशांत बसच्या दोन खिडक्या उघडून बघा, तिसऱ्या मिनिटाला कोणी ना कोणी आजी तुमचा उद्धार करील. स्लाव्का ओल्या केसांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसे. तिच्या नवऱ्याचा धंदा म्हणजे तिच्या दृष्टीनं पैसे घेऊन लोकांना प्रोमाया विकण्याचा धंदा होता, आणि हे ती लग्नानंतर अठरा वर्षं हसत हसत सांगत असे. नंतर तिनं ते सांगणं बंद केलं.

कारण बारा वर्षांपूर्वी, जुलैच्या अखेरीस, ते तिघं ग्रीसच्या समुद्रावरून परत येत होते. मुलगी बोयाना तेव्हा सतरा वर्षांची. सीमेवर दोन तासांची रांग, वर ऊन, आणि तिहोमिरनं स्वतःच्या हातानं बसवलेला एसी पूर्ण सोडलेला. बोयानानं पुढं बसायचा हट्ट धरला होता. गार वारा येतो त्या जाळीशी गाल ठेवून ती झोपी गेली. मागून स्लाव्का म्हणाली, "बंद कर, पोरीला वारं लागेल." तिहोमिर म्हणाला, "मी रोज यात हात घालून बसतो. मला काय झालंय?" ती पुन्हा पुन्हा म्हणाली, तो दर वेळी हसला. गाडी काय गार झाली आहे याचा त्याला त्या दिवशी फार अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोयानाच्या ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. डावा गाल खाली आला होता, डावा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, विषाणूनं होतं, वाऱ्याचा काही संबंध नाही, बहुतेकांचं महिन्या-दोन महिन्यांत बरं होतं. बोयानाचं बहुतेकांसारखं झालं नाही. डोळा पुष्कळसा मिटू लागला, पण हसली की अर्धंच तोंड हसे. गावात सगळे म्हणाले, पोरीच्या तोंडावरून वारं गेलं. स्लाव्कानं मात्र ब्र काढला नाही. नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती, ताट आपटलं असतं, तर तिहोमिरनं ते सोसलं असतं. तिचं न बोलणं त्याला सोसवत नव्हतं आणि ते त्यानं बारा वर्षं सोसलं.

त्या ऑगस्टात एके दिवशी त्यानं गाडी सुरू केली तर जाळीतून गरम वारा आला. गॅस गेला असणार हे त्याला तेव्हाच कळलं. त्यानं बटण बंद केलं, काच खाली केली, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. इंजिनाचं तेल बदलायला त्यानं पुढं कितीदा तरी ते झाकण उघडलं, पण एसीच्या नळ्यांना हात लावला नाही. गावात कुठल्याही गाडीतली गळती त्याच्या नजरेतून सुटत नसे. स्वतःच्या गाडीतल्या गळतीकडे त्यानं बघितलंच नाही.

बोयाना एकोणिसाव्या वर्षी परदेशी, लिंझला गेली, तिथं म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करू लागली. वर्षाआड घरच्या कुलदैवताच्या सणाला येई. फोटोला उभी राहिली की उजवा गाल पुढं करी. रविवारी फोन करी तेव्हा उन्हाळ्यात स्लाव्काचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाडीत ते गार लावत नाहीस ना?" आणि उत्तरही ठरलेलं: "नाही गं आई, बंदच असतं."

या वर्षी वसंतात स्लाव्काच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, आणि जुलैत नीशच्या इस्पितळात रेडिएशन सुरू झालं. पंचवीस दिवस, शनिवार-रविवार सोडून रोज. नीश काही लांब नाही, हमरस्त्यानं अर्धा तास. पण वेळ दुपारी दीडची मिळाली होती, आणि त्या जुलैत दुपारी दीडला डांबर चपलेला चिकटत होतं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, परत येताना टोलनाक्याच्या रांगेत स्लाव्काची मान एकदम पुढं पडली. तिहोमिरनं हाका मारल्या, बाटलीतलं पाणी तिच्या मनगटांवर ओतलं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. मिनिटभरानं तिनं डोळे उघडले.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाई फोनवर स्पष्ट बोलल्या. "काका, शेकलेल्या कातडीला घाम चालत नाही, आणि त्यांच्या हृदयाला हा उकाडा झेपत नाही. मध्ये खंड पडला तर आत्तापर्यंत केलेलं वाया जाईल. त्यांना गारव्यात आणा. नाहीतर इथं दाखल करा."

दाखल व्हायला स्लाव्का तयार नव्हती. "मरायचंच तर इस्पितळात कशाला, इथं काय वाईट आहे?" असं तिचं उत्तर. गावातल्या निम्म्या गाड्या तिहोमिरच्या हातच्या गार होत्या; झार्कोनं तर टॅक्सी दारात आणून उभी केली. पण स्लाव्का परक्याच्या गार गाडीत बसायला कबूल होईना. एकवीस फेऱ्या बाकी होत्या आणि सोमवार दोन दिवसांवर आला होता.

शनिवारी जेवताना तिहोमिर म्हणाला, "मी आपली गाडी उघडतो. दुरुस्त करून ठेवतो. तू म्हटल्याशिवाय लावणार नाही."

तो भांडणाच्या तयारीत होता. स्लाव्कानं टोमॅटोची फोड मिठात बुडवली, खाल्ली, आणि म्हणाली, "उघड. बघ एकदाचं उघडून."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. आजारानं माणूस थकतं, असं त्यानं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, त्यात पेत्रोवदानचा सण. कॅलेंडरात लाल अक्षरात छापलेल्या दिवशी आमच्याकडे कोणी पान्याला हात लावत नाही. लावला आणि लागलं, तर वर्षभर ती जखम भरत नाही म्हणतात. तिहोमिरनं सकाळी देवाच्या तसबिरीपुढं छातीवर क्रूस काढला, माफी मागितली आणि गाडी गॅरेजात घेऊन शटर अर्धं ओढलं. चर्चहून परतणाऱ्या शेजारणीनं शटरखालून वाकून बघितलं.

"तिहोमिर, आज?"

"आजच."

ती सरळ झाली आणि पुढं गेली. स्लाव्काची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

बारा वर्षांची धूळ आणि तेल नळ्यांवर साचून त्याचं कातडं झालं होतं. त्यानं आधी कॉम्प्रेसरचं चाक हातानं फिरवून बघितलं. फिरलं. मग नायट्रोजन भरला आणि फेस लावायला घेतला. गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीपासून सुरुवात केली, कारण तिथं दगड लागून छिद्र पडतं. कोरडी. कॉम्प्रेसरचे सांधे, तेही ठीक. आतल्या थंड पेटीत गळत असेल तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागणार होता, त्यात दोन दिवस गेले असते आणि सोमवार हातचा गेला असता. त्या भीतीनं त्यानं पेटीकडे जाणाऱ्या नळ्यांवर तिसऱ्यांदा फेस लावला. बुडबुडा नाही.

राहिलं ते गॅस भरायचं तोंड. जाड नळीवरचं, काळ्या टोपीचं. सायकलच्या ट्यूबला असतो तसाच छोटा व्हॉल्व्ह त्यात असतो, मधली पिन दाबली की उघडतो, सोडली की मिटतो. तिथं कोणी फेस लावत नाही. टोपी घातल्यावर तिथून काय जाणार? तिहोमिरनं सवयीनं ब्रश फिरवला. टोपीच्या कडेनं एक बुडबुडा धरला, फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला.

त्यानं टोपी काढली, फुस्स आवाज झाला. चष्मा लावला, बॅटरी धरली. पिनेच्या शेजारी पोलादाचा एक बारीक तुकडा अडकून बसला होता, त्यानं पिन वाकडी होऊन जराशी दबलेली राहिली होती. त्यानं दाब सोडला, किल्लीनं व्हॉल्व्ह फिरवून बाहेर काढला आणि तुकडा तळहातावर घेतला. मोहरीएवढा. टोकाला एक बारकासा आकडा.

हातच्या काकणाला आरसा कशाला? क्रोशाच्या सुईचं टोक होतं ते. स्लाव्का बारीक दोऱ्याचं काम करी, त्या सुईचं. त्या उन्हाळ्यात ती बोयानाच्या लग्नासाठी टेबलावरचा मोठा रुमाल विणत होती. तो अर्ध्यावर राहिला आणि तिनं क्रोशा पुन्हा हातात धरला नाही. पोरीचं असं झालं म्हणून मन उडालं, अशी तिहोमिरनं समजूत करून घेतली होती.

तो उलट्या डब्यावर बसला. मग त्याला ते बोट आठवलं. स्लाव्काच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, पेराच्या वर, एक पांढरा गुळगुळीत डाग होता. मुरंबा उकळताना भाजलं, असं ती म्हणाली होती. असे डाग तिहोमिरच्या स्वतःच्या हातांवर सहा होते. गॅस सुटून अंगावर आला की थंडीनंच कातडं भाजतं आणि मागं असाच डाग राहतो. दुसऱ्या कोणाच्या बोटावर दिसला असता तर त्यानं लांबून ओळखला असता. ज्या बोटानं ती रोज त्याच्यासमोर कॉफीचा कप ठेवत होती, त्यावरचा डाग त्यानं बारा वर्षांत ओळखला नाही.

राग आला का? आला, पण जिच्यावर यायला हवा होता तिच्यावर आला नाही.

काम तर पुरं करायला हवं होतं. त्यानं नवा व्हॉल्व्ह बसवला, सगळ्या सांध्यांच्या कड्या तेल लावून बदलल्या, ओल शोषणारी डबी नवी घातली आणि पंप लावला. बारा वर्षांची ओल निघायला तासभर लागला. ऊन शटरच्या खालून आत सरकत होतं. त्या तासात त्यानं मनाशी ठरवून टाकलं: बायको आजारी आहे, तिला कशाला लाजवायचं? कचऱ्याच्या डब्यातून त्यानं एक जुनी झिजलेली रबराची कडी उचलली आणि विजारीच्या खिशात ठेवली. व्हॉल्व्ह आणि सुईचं टोक सदऱ्याच्या खिशात गेलं.

पंप बंद झाला तसा त्याचा आवाज थांबला. स्लाव्काला तो आवाज ठाऊक होता. तीस वर्षं ती पंप थांबल्यावर कॉफी चढवत आली होती. अंगणातून ती हळूहळू आली, हातात ट्रे, दोन कप, दोन पेले पाणी. तिहोमिर धावला, ट्रे घेतला. ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली.

"काटा हलतोय?"

"अजून तरी नाही."

"म्हणजे गळती सापडली."

"सापडली."

स्लाव्कानं कप खाली ठेवला आणि हात पुढं केला, तळहात वर करून. "दे मग. गिऱ्हाइकाला देतोस ना हातावर."

तिहोमिरनं विजारीच्या खिशातून कडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "ही बघ. रबर झिजलं होतं."

तिनं ती बोटांत धरून निरखली. "ही नव्हे."

"हीच."

"तिहोमिर, तीस वर्षं तू परक्याला कधी खोटी वस्तू दाखवली नाहीस. मलाच का?"

त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. व्हॉल्व्ह आणि ते टोक तिच्या तळहातावर, रबराच्या कडीशेजारी, ठेवलं. तिनं मूठ मिटली. डाग असलेलं बोट वर राहिलं.

"दुसऱ्यांदा दाबली तेव्हा तुटली," स्लाव्का म्हणाली. "तू त्या दिवशी क्रुशेवात्सला सामान आणायला गेला होतास. कुठं दाबायचं ते मला माहीत होतं, तुला इतकी वर्षं बघत होते. वाटलं, फुस्स होईल नि संपेल. बोट भाजलं. थंडीनं भाजतं हे कुठं ठाऊक होतं मला?"

"मुरंब्यानं भाजलं म्हणालीस."

"आलुबुखाराचा मुरंबा म्हणाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. झाडावर सगळे अजून कच्चे, हिरवेगार होते. तू रोज त्या झाडाखालून जात होतास."

तिहोमिरनं मान खाली घातली.

"राग होता माझा?"

"होता की. पण रागानं नाही केलं. पोरगी पुन्हा त्या वाऱ्यात बसू नये म्हणून केलं." ती थांबली, पाण्याचा घोट घेतला. "मग वाटलं, आज ना उद्या हा उघडेल. गावातली एक गळती याच्यापासून लपत नाही, ही तर घरची. सापडेल. मग विचारेल, स्लाव्का, हे काय केलंस? मग मी बोलेन. जे बोलायचं ते सगळं बोलेन, तू पण बोलशील, भांडू कडाकडा. बारा उन्हाळे वाट बघितली मी. तू उघडलंच नाहीस."

"मला भ्या वाटत होतं," तिहोमिर म्हणाला. आईच्या घरची बोली त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत आली नव्हती. "दुरुस्त केलं असतं तर लावायला लागलं असतं. लावलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुझ्यामुळं झालं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं."

"आज आहे?"

"डॉक्टर म्हणाले, वाऱ्यानं होत नाही."

"डॉक्टरांना कोण विचारतंय? तुला विचारतेय."

"वाऱ्यानं झालं का, मला माहीत नाही. पण तू तीनदा म्हणालीस, बंद कर. मी एकदा तरी करायला पाहिजे होतं. तू म्हणत होतीस, एवढ्यासाठी तरी."

"चारदा," स्लाव्का म्हणाली. "सीमेवर एकदा म्हणाले होते. तू खाली उतरला होतास, परत आल्यावर."

"चारदा."

तिनं पदरासारखं खांद्यावर घेतलेलं फडकं डोळ्यांना लावलं. तिहोमिर रडला नाही. त्यानं तिच्या मुठीवर आपला हात ठेवला, सहा डागांचा, आणि काढला नाही. कॉफी निवली. काट्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बघितलं तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि काटा होता तिथंच होता. तिहोमिरनं गॅसचं नळकांडं वजनकाट्यावर ठेवलं आणि गॅस भरला, सहाशे पन्नास ग्रॅम.

सोमवारी ती निघाली ती डोक्याला रुमाल, कानांत कापूस आणि गळ्याला लोकरीचा मफलर बांधून. बाहेर एकोणचाळीस अंश. तिहोमिरनं एसीला हात लावला नाही. गावाबाहेर पडल्यावर तीच म्हणाली, "लाव." त्यानं बारीक लावला. गार वारा आला तशी ती आधी आखडली, मग तिचे खांदे हळूहळू खाली आले. टोलनाक्याजवळ, शुक्रवारी जिथं तिची मान पडली होती तिथं, ती म्हणाली, "बंद कर."

शब्द पुरा व्हायच्या आत तिहोमिरनं बंद केला. गाडी तापू लागली, त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. किलोमीटरभर गेल्यावर स्लाव्का म्हणाली, "लाव आता."

पुढच्या सगळ्या फेऱ्यांत हे असंच झालं. रोज टोलनाक्यापाशी ती म्हणे, बंद कर, आणि तो बंद करी. किलोमीटरभरानं ती म्हणे, लाव. दोघांनी त्यावर कधी चर्चा केली नाही. एकही दिवस खंड पडला नाही.

शेवटच्या दिवशी बोयाना लिंझहून आली होती. गाडी मीच चालवणार म्हणाली, तेव्हा तिहोमिर बऱ्याच वर्षांनी मागच्या सीटवर बसला, पूर्वी स्लाव्का बसायची तिथं. बोयानानं एसी पूर्ण सोडला.

"तिकडे पण असाच लावतेस?" आईनं विचारलं.

बोयानानं गाडी हमरस्त्यावर घेतली. मग म्हणाली, "हो आई. रोज."

"मला वाटलंच होतं."

टोलनाका आला. "बंद कर," स्लाव्का म्हणाली.

"आई, बाहेर चाळीस आहे. तुला घाम आला तर—"

मागून तिहोमिरचा हात दोन सीटांच्या मधून पुढं आला आणि त्यानं बटण फिरवलं. बोयानानं आरशातून बापाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. गाडीत उकडू लागलं.

"लाव आता," आई म्हणाली.

बोयानानं लावला. तेव्हा स्लाव्का पुढं वाकली आणि पांढऱ्या डागाच्या बोटानं तिनं मुलीच्या बाजूची जाळी खाली वळवली, गालावर झोत येणार नाही अशी. बोयाना एकोणतीस वर्षांची होती. तिनं ती तशीच राहू दिली.